हा फोल्डर मागितला कुणी?

नवाकोरा लॅपटॉप उघडा, आत दहा-बारा फोल्डर आधीच ठाण मांडून बसलेले असतात. आपण ते ना मागितले, ना बनवले. तरी आपले सगळे कागद त्यांच्यातच जाऊन पडतात. मग ते कागद नेमके कुठं आहेत, हे आपल्याला माहिती असतं का?

लॅपटॉप समोर असेल तर एक काम करा. फाइल एक्सप्लोरर उघडा. सी ड्राइव्ह, त्यात 'युजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. तो उघडा आणि आत काय काय आहे ते मोजा.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे ओळखीचे. म्युझिक आणि व्हिडिओज, चला, ठीक आहे. पण पुढं? कॉन्टॅक्ट्स. फेव्हरिट्स. लिंक्स. सर्चेस. सेव्ह्ड गेम्स. पिक्चर्सच्या पोटात पुन्हा कॅमेरा रोल आणि सेव्ह्ड पिक्चर्स. विंडोज १० असेल तर थ्रीडी ऑब्जेक्ट्ससुद्धा. आता खरं सांगा, यातल्या किती फोल्डरांत तुम्ही स्वतःहून एक तरी फाइल ठेवलीये?

त्या थ्रीडी ऑब्जेक्ट्सची गोष्ट तर भारीच आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वाटलं की आता जो तो थ्रीडी चित्रं काढणार. त्यांनी पेंट थ्रीडी नावाचं अ‍ॅप आणलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये जगभरच्या विंडोज १० कॉम्प्युटरांवर थ्रीडी ऑब्जेक्ट्स हा फोल्डर थेट 'धिस पीसी'मध्ये आणून बसवला. तोही सगळ्यात वर, कारण नावाची सुरुवात आकड्यानं. गडचिरोलीत बसून परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर तो आला आणि चंद्रपूरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरही आला. लोकांनी काही थ्रीडी चित्रं काढली नाहीत. विंडोज ११ मध्ये तो फोल्डर समोरून गुपचूप हटवला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पेंट थ्रीडीही कंपनीच्या स्टोअरमधून गेलं. आणताना कुणी विचारलं नव्हतं, नेतानाही विचारलं नाही.

अजून एक गंमत. विंडोज ९५ मध्ये स्क्रीनवर 'माय कॉम्प्युटर' असं लिहिलेलं असायचं. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून त्याचं 'धिस पीसी' झालं. म्हणजे 'माझा कॉम्प्युटर'चा 'हा कॉम्प्युटर' झाला. माय गेली आणि कॉम्प्युटर पोरका झाला, असं आपण गमतीत म्हणू. पण प्रश्न गमतीचा नाही. पैसे आपण भरले, हप्ते घरचे फेडतायत, मग आत काय कुठं राहील हे ठरवतं कोण?

सर्च आहे ना, मग?

तुमच्यातले निम्मे आता म्हणतील, कशाला एवढं डोकं लावायचं? फाइल कुठंही असू दे, नाव टाकलं की सापडते.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. २०२१ मध्ये 'द व्हर्ज' या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळानं यावर मोठा लेख केला होता. अमेरिकेतले प्राध्यापक सांगत होते की फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे हे वाक्यच नव्या मुलांना कळेनासं झालंय, कारण ती फोन आणि सर्चवर वाढली. ठीक आहे, काळ बदलतो. पण सर्चवर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात. फाइल मशीनवर खरोखर असायला हवी, किंवा नेट चालू असायला हवं.

आता आपल्या भागाचा विचार करा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे काही आपल्याला नवीन नाही. एटापल्ली, कोरची, सिरोंचा, जिवती, कुठल्याही तालुक्यातल्या पोराला विचारा, नेटवर्कसाठी उंचवट्यावर जाऊन उभं राहणं म्हणजे काय असतं. आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म, प्रवेशाच्या फेऱ्या, जात वैधतेची धावपळ नेमकी पावसाळ्यातच येते.

अशा वेळी काय होतं बघा. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. स्क्रीनवर नाव तेच, चित्र तेच. पण फोल्डरचा पत्ता बदललेला असतो. तो आता वनड्राइव्हच्या पोटात असतो आणि त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. काही फाइलींच्या बाबतीत तर मशीनवर फक्त नाव उरतं आणि फाइल असते वर. ओळखायची खूण म्हणजे फाइलशेजारी निळ्या ढगाचं चिन्ह. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल मशीनवर आहे. ढग असेल तर ती नेट असल्याशिवाय उघडणार नाही.

म्हणजे उत्पन्नाचा दाखला डेस्कटॉपवर डोळ्यांसमोर दिसतोय. तुम्ही क्लिक करताय आणि तो उघडत नाहीये. महाडीबीटीची शेवटची तारीख उद्या. यात दोष तुमचा नाही. पण नुकसान तुमचंच होणार.

पुन्हा वनड्राइव्हवर फुकट जागा मिळते ५ जीबी. मोबाइलमधून काढलेले लग्नाचे फोटो पिक्चर्समध्ये टाकले की ती भरली. मग सुरू होतात 'जागा संपली, विकत घ्या' असे निरोप. जो फोल्डर वर पाठवायला तुम्ही सांगितलंच नव्हतं, त्याच्या भाड्याचं बिल समोर येतं.

एक बाजू मात्र मान्य करायला हवी. वनड्राइव्ह वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला, हार्ड डिस्क बसली, तर वर असलेली हीच प्रत तुम्हाला वाचवते. प्रोजेक्ट रिपोर्ट सादर करायच्या आदल्या रात्री ज्याचा लॅपटॉप मेला, त्याला विचारा बॅकअपची किंमत. माझं भांडण सोयीशी नाहीये. न विचारता सोय लादण्याशी आहे. चंद्रपूर शहरात वायफायवर बसलेल्यासाठी जी सोय, तीच भामरागडच्या पोरासाठी अडचण ठरू शकते. हा फरक दूरच्या ऑफिसात बसून डिफॉल्ट ठरवणाऱ्याला कसा कळणार?

न बोलता घेतलेला होकार

डिफॉल्ट म्हणजे काय, तर तुम्ही काहीच केलं नाही तर जे होतं ते. आणि बहुतेक माणसं काहीच करत नाहीत. यात आळस आहे, भीती आहे आणि 'त्यांनी ठेवलंय म्हणजे बरोबरच असेल' हा विश्वासही आहे.

याची ताकद किती? एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात युरोपातल्या अवयवदानाचे आकडे मांडले. जर्मनीत अवयवदानाला संमती देणारे होते १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. भाषा एक, संस्कृती जवळची, मग एवढा फरक का? जर्मनीत संमती स्वतःहून द्यावी लागायची. ऑस्ट्रियात नको असेल तर तसं कळवावं लागायचं. फॉर्मवरचा डिफॉल्ट काय ठेवला, एवढ्यावर कागदावरची संमती फिरली.

कंपन्यांना हे गणित आपल्यापेक्षा खूप आधी समजलंय. भारतात त्यावर निकालही लागलाय. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. मुद्दा काय होता? अँड्रॉइड फोनमध्ये गुगलची अ‍ॅप एकगठ्ठा आधीपासून बसवायला फोन कंपन्यांना भाग पाडलं जातं, हा. कंपनी अपिलात गेली, पण मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं दंडाची रक्कम कायम ठेवली. आधीच बसवलेली गोष्ट फुकट असली तरी निरुपद्रवी असेलच असं नाही, हे आता सरकारी कागदावर आलेलं आहे.

बांबू कुठल्या फोल्डरमध्ये?

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर गडचिरोलीचीच गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरची नाही, बांबूची.

बांबू हे गवत. वनस्पतिशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, गवताच्या कुळातच सापडेल. पण इंग्रजांनी १९२७ चा वन कायदा केला, तेव्हा 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. कॉम्प्युटरच्या भाषेत बोलायचं तर बांबूची फाइल 'झाड' या फोल्डरमध्ये टाकली. कुणाला विचारून? जंगलात राहणाऱ्यांना तर नक्कीच नाही. आणि एकदा तो त्या फोल्डरमध्ये गेला की तोडायची परवानगी, वाहतुकीचा परवाना, विक्रीचा पैसा हे सगळं वन विभागाच्या हातात गेलं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू 'गौण वनोपज' या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला. मोहफुलं, तेंदूपत्ता यांच्या शेजारी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना, कारण जुनी सवय जुन्याच फोल्डरची. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पुढं २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतून काढण्यात आलं. म्हणजे एक वर्गवारी दुरुस्त व्हायला नव्वद वर्षं लागली.

थ्रीडी ऑब्जेक्ट्सचा फोल्डर आणि जंगलाचा हक्क एका तराजूत तोलायचा नाहीये. तसं केलं तर तो मेंढावासीयांच्या कष्टांचा अपमान होईल. पण एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. ते गाव अभ्यास गटांसाठी ओळखलं जातं. आधी बसून कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, चर्चा करायची आणि मग सर्वांच्या सहमतीनं ठरवायचं. चिडून फाडून टाकणं नाही आणि निमूट मान डोलावणंही नाही. आपल्या लॅपटॉपपुरतं तरी हे आपल्याला जमायला काय हरकत आहे?

डिलीट मारून काय होतं?

चिडून डिलीट मारणारे पुष्कळ आहेत. त्यांना लवकरच कळतं की म्युझिकचा फोल्डर उडवला तरी काही दिवसांत तो पुन्हा हजर. कारण विंडोजच्या नोंदीत त्याची जागा ठरलेली असते आणि एखाद्या प्रोग्रामनं 'गाण्यांचा फोल्डर कुठंय?' असं विचारलं की तो पुन्हा तयार होऊ शकतो. मग कुणीतरी व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत हात घालतो, चुकीची नोंद उडवतो आणि लॅपटॉप दुकानात नेतो. तसं करू नका.

घरकुलाचं उदाहरण घ्या. मंजुरी, मोजमाप सगळं वरून ठरून येतं. पण राहायला गेलेलं कुटुंब वर्षभरात पुढं सपरी काढतं, मागं चूल मांडतं, धान ठेवायला कोपरा करतं. भिंत न पाडताही घर आपलं होतं. फोल्डरचंही तसंच करायचं. जे लागतात ते आपल्या सोयीच्या जागी न्यायचे, जे लागत नाहीत ते नजरेआड करायचे आणि आपला स्वतःचा एक फोल्डर असा करायचा की ज्याचं नावही आपण दिलं आणि पत्ताही आपल्याला पाठ आहे.

आणि हे शिकवायला नको का कुणी? एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे, पदवीच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरची प्रॅक्टिकलही असतात. वर्डमध्ये तक्ता कसा काढायचा ते आपण शिकतो, पण सेव्हचं बटण दाबल्यावर फाइल गेली कुठं, हे बहुतेकांना कुणी धड सांगितलेलं नसतं. पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना, मॅडमना हा एक प्रश्न विचाराच. लॅबमध्ये उबुंटू असेल तर तिथं फोल्डरांचे पत्ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असतात, ती उघडून दाखवा म्हणा. डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी लिहिलेली एक ओळ असते आणि ती बदलता येते, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की कॉम्प्युटरची भीती निम्मी जाते.

ज्यांच्याकडं लॅपटॉप नाही आणि सगळं फोनवर आणि झेरॉक्सच्या दुकानात चालतं, त्यांनी 'हे आपल्यासाठी नाही' असं समजू नका. तुमचा धोका मोठा आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काहीही उतरवलं की ते डिफॉल्टनं डाउनलोड्समध्ये जातं आणि तिथंच पडून राहतं. तुमचं आधार, मार्कशीट, बँकेचं पासबुक, सगळं. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी ते उघडं असतं.

एका रविवारचं काम

फार नाही, तासाभरात होईल. एवढं करून बघा.

१. आधी पत्ता तपासा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसला तर तुमचा फोल्डर तिकडं गेलेला आहे.

२. वनड्राइव्ह ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठेवायचं असेल तर महत्त्वाच्या कागदांच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे नेट नसतानाही ते उघडतील. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मॅनेज बॅकअप' मधून एकेक फोल्डर बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून हातानं परत आणा. त्या परत येईपर्यंत तिथलं काहीही डिलीट करू नका, कारण तिथून उडवलेलं सगळीकडून उडतं.

३. डी ड्राइव्ह असेल तर डॉक्युमेंट्स तिकडं हलवा. आधी तिथं एक नवा फोल्डर करा. मग डॉक्युमेंट्सच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन', त्यात 'मूव्ह' आणि तो नवा फोल्डर निवडा. नुसता डी ड्राइव्ह कधीच निवडू नका आणि दोन फोल्डरांना एकच जागा देऊ नका. सगळं एकमेकांत मिसळतं आणि निस्तरता नाकी नऊ येतात. सी ड्राइव्ह एकटाच असेल तर ही पायरी सोडून द्या.

४. नको ते लपवा. सेव्ह्ड गेम्स, सर्चेस, लिंक्स वगैरेंच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'हिडन'वर खूण करा. फोल्डर जागेवर राहतो, फक्त नजरेसमोरून जातो. डावीकडच्या यादीतले नको असलेले फोल्डर 'अनपिन' करा.

५. ब्राउझरला विचारायला लावा. क्रोमच्या सेटिंगमध्ये, डाउनलोड्समध्ये, 'प्रत्येक फाइल कुठं ठेवायची ते आधी विचार' असा पर्याय आहे. तो सुरू करा. मग डाउनलोड्सचा उकिरडा होत नाही.

६. 'माझे कागद' असा एक फोल्डर करा. दाखले, मार्कशीट, फोटो, सही, सगळं त्यात. फाइलच्या नावात कागद कसला आणि कुठल्या वर्षाचा ते लिहा. 'स्कॅन ००१७' या नावावरून पुढच्या वर्षी काहीच कळणार नाही. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो पेनड्राइव्ह घरी, कागदपत्रांच्या पेटीतच असू द्या.

७. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात तुमचा जातीचा दाखला हरवू नये.

८. दुकानातून उठताना डाउनलोड्स उघडा, आपल्या फाइली निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून लॉगआउट करा. मगच पैसे द्या.